अण्णांचं बॅक

माझ्या बापाचं नाव राधाकिसन. पण भोकरदनच्या मोंढ्यात, धान्या-मिरचीच्या घाऊक बाजारात, जाऊन हे नाव विचारलंत, तर लोक डोकं खाजवत बसतील. 'बॅकवाले अण्णा कुठं भेटतील?' असं विचारा, मग चहावाल्यापासून आडत्यापर्यंत सगळे बोट दाखवतील. मोंढ्यात माल भरायला आलेला ट्रक मागं घ्यायचा असला, की ड्रायव्हरला वाट दाखवायला मागं जो माणूस उभा राहतो ना, तो माझा बाप. पस्तीस वर्षं झाली. तसे ते हमाल. पोती उचलतात, म्हणजे उचलायचे. आता साठी आली, गुडघे कुरकुर करतात. पण मागं उभं राहायचं काम अजून त्यांच्याकडंच आहे, आणि जिवंत असेपर्यंत ते दुसऱ्याला देणार नाहीत, हे मी लिहून देते.

आम्ही धावड्याचे, धनगर. आजोबांकडं मेंढरं होती. अण्णा लहानपणी कळपाच्या मागंमागं चालायचे. पुढं मेंढरं गेली, रान होतं ते भावाभावात वाटलं गेलं, आणि अण्णा मोंढ्यात आले. 'मेंढरं मागून हाकायची अन ट्रक मागून बोलवायचा, एवढाच फरक,' असं ते सांगतात. मला तरी फरक बराच मोठा वाटतो. मेंढरू अंगावर आलं तर माणूस मरत नाही.

मोंढ्यात गाड्या कुठून कुठून येतात. कुणी तामिळनाडूचा, कुणी राजस्थानचा, कधी एखादा सरदारजी. 'मागं घ्या' म्हटलं तर त्यांना कळत नाही, आणि त्यांचं बोलणं अण्णांना कळत नाही. पण 'बॅक' म्हटलं की सगळ्यांना कळतं. 'बॅक, बॅक, बॅक... आन दो, आन दो... जरा डायवर साइड... बॅक, बॅक... बास!' आणि बास म्हणताना गाडीच्या मागच्या फाळक्यावर हाताची एक सणसणीत थाप. स्वतः कधी स्टेअरिंगला हात लावला नाही या माणसानं, पण दोन ओट्यांच्या मधून दहा चाकी गाडी अशी आत आणतील, की बघणाऱ्यानं श्वास रोखून धरावा. नवा ड्रायव्हर आला की पहिल्यांदा त्याला दम भरतात: 'आरशात मी दिसलो पाह्यजे. न्हाई दिसलो, गाडी हलवायची न्हाई.' समोरच्याला मराठी कळो न कळो, हे मात्र बराबर कळतं.

अण्णा शाळेत गेले दुसरीपर्यंत. इंग्रजीतला हा एकच शब्द त्यांच्या पदरात पडला, आणि मग तो त्यांनी कुठं कुठं वापरावा! बाजारातून आणलेली वांगी किडकी निघाली की 'बॅक देऊन ये'. ताप उतरून परत चढला की 'ताप बॅक आला'. पाऊस नुसता भरून येऊन निघून गेला की 'पाऊस बॅक गेला'. जुनी आठवण सांगायची असली की 'वीस साल बॅकची गोष्ट हाय'. चुलतभावाचे कॉलेजात दोन विषय राहिले, तो आपला लाजत लाजत म्हणाला, 'दोन बॅक राह्यलेत,' तर अण्णांनी त्याला जवळ बसवून चहा पाजला. एकदा कंबर धरली म्हणून दवाखान्यात नेलं, तर डॉक्टर म्हणाले बॅक पेन आहे. दिवसभर खूश होते हो! जो भेटेल त्याला सांगत सुटले, की डॉक्टरला पण आपला शब्द येतो.

मी बारावी झालेली, त्यात इंग्रजीला बासष्ट मार्क. मला असा संताप यायचा! मी म्हणायचे, 'अण्णा, त्या शब्दाचे दहा अर्थ आहेत, प्रत्येक जागी तो चालत नाही.' ते बिडी पेटवत म्हणायचे, 'चालतो की. समोरच्याला कळलं न्हाई का? मंग?' कप्पाळ! आणि एकदा बोलले की बोलले. आपलं चुकलं असं त्या माणसाच्या तोंडून माझ्या मायनंसुद्धा तीस वर्षांत ऐकलेलं नव्हतं.

विसाव्या वर्षी माझं लग्न झालं, मंठ्याच्या पुढच्या एका गावात. नवरा कल्याण, पुण्याकडं कंपनीत कामाला. सासरे भुजंगराव, सासू गोजरबाई, आठ एकर रान, दारात म्हैस. 'खोली मिळाली की नेतो' असं कल्याण म्हणायचा. म्हणत राहिला. मी तिकडं सासऱ्यांचं रान बघायचे, म्हैस बघायचे, सासूचे पाय दाबायचे.

तिसऱ्या दिवाळीला तो घरी आला होता. त्याचा फोन चार्जिंगला लावलेला, व्हिडिओ कॉल आला, मी उचलला. समोर एक बाई. कडेवर वर्षभराचं पोर. पोरानं स्क्रीनकडं हात केला आणि म्हणालं, 'पप्पा.' मी फोन तसाच उलटा ठेवला आणि चकलीचं पीठ मळायला बसले. खरं सांगते, पीठच मळायला बसले. दुसरं काय करावं ते सुचलंच नाही. कल्याण दुसऱ्या दिवशी पहाटे निघून गेला. घरात सगळ्यांना माहीत होतं, मी सोडून. सासरे म्हणाले, 'तुला काय कमी हाय? खायला हाय, ल्यायला हाय. घर तर तुझंच हाय ना?'

मी पिशवी भरली आणि एकटी निघाले. मंठ्याहून जालना, जालन्याहून भोकरदन, तिथून धावडा. आमच्याकडं सासुरवाशीण अशी एकटी माहेरी येत नाही, तिला न्यायला मुराळी जातो, भाऊ नाही तर बाप. एकटी आली की गल्लीला न सांगताच कळतं. माय पिशवीकडं बघून मटकन खाली बसली. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, 'माणूस आज ना उद्या बॅक येतो, शालू. पन तू जागा सोडलीस, तर तुझी जागा जाईल.' आठव्या दिवशी स्वतः मला घेऊन गेले आणि सासरी सोडून आले.

पुढच्या पंचमीला अण्णा मुराळी म्हणून आले. आमच्याकडं रिवाज आहे, लेक माहेरी न्यायची तर सासरचे दारातच विचारतात, 'कवा आनून घालता?' नेणाऱ्यानं दिवस सांगायचा. दिवस सांगितल्याशिवाय सून उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही. अण्णांनी सांगितलं, 'पंचमी झाली की पाचव्या दिवशी.' पाचव्या दिवशी मी मायच्या गळ्यात पडून रडले, जेवले नाही, म्हटलं मला विहिरीत ढकला पण तिकडं धाडू नका. अण्णा म्हणाले, 'शबुद दिलाय.' आणि नेलं मला. एसटीत मी खिडकीकडं तोंड करून बसले होते. जालन्याला त्यांनी केळी घेतली, माझ्या मांडीवर ठेवली, मी ती तशीच सीटवर सोडून उतरले. सासरी चहासुद्धा न घेता ते फिरले, आणि गल्लीच्या तोंडापर्यंत एकदाही त्यांनी वळून पाहिलं नाही. अख्ख्या मोंढ्याच्या गाड्यांच्या मागं उभा राहणारा माझा बाप, पण माझ्या मागं उभा नाही! त्या दिवशी मला त्यांचा जेवढा राग आला, तेवढा कल्याणचाही कधी आला नव्हता. फोन करणं मी सोडून दिलं. मायचा आला की दोन शब्द बोलायचे, 'बरी हाय' म्हणायचे, ठेवून द्यायचे.

अशी दोन वर्षं गेली. मग एका सकाळी सासरे ओसरीवर बसून, पान लावता लावता, जणू उद्या बाजार आहे असं सांगावं तसं मला म्हणाले, 'कल्याण येऊन राह्यला रविवारी. त्या पोराचं जावळ काढायचंय, तीन पुरी झाली त्याला. आपल्या देवाला नवस हाय. शंभरेक पान व्हईल. पुरणाचं तू बघ, तुझ्या हाताला चव हाय.'

ऐकताय ना? माझ्या नवऱ्याच्या दुसऱ्या बायकोच्या पोराचं जावळ, आणि पुरण मी शिजवायचं. आणि वर माझ्या हाताला चव आहे!

मी म्हशीच्या गोठ्यात गेले आणि दोन वर्षांत पहिल्यांदा अण्णांना फोन लावला. मागं मोंढ्याचा गलका ऐकू येत होता, कुठला तरी ट्रक हॉर्न देत होता. मी म्हटलं, 'अण्णा, रविवारी जावळ हाय. कल्याणच्या पोराचं. सैपाक माझ्याकडं हाय.' एवढंच. रडले नाही, या म्हटलं नाही. त्यांनी तिकडं कुणाला तरी 'थांब' म्हटलं, हॉर्न बंद झाला. मग म्हणाले, 'उद्या येतो,' आणि फोन बंद.

त्या रात्री मी मनातल्या मनात त्यांची सगळी वाक्यं आधीच म्हणून टाकली. तुझी जागा, शालू. बॅक येतो माणूस. शबुद दिलाय. येतील, ओसरीवर बसतील, सासऱ्यांशी पाऊसपाण्याचं बोलतील आणि मला समजावून जातील, असंच मी धरून चालले होते. फार फार तर रविवारपुरतं घेऊन जातील आणि सोमवारी आणून सोडतील. यापलीकडं काही होईल असं मला बिलकुल वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळचे दहा वाजले असतील. मी अंगणात डाळ निवडत होते. गल्लीच्या तोंडाशी आवाज उठला.

'बॅक! बॅक! बॅक! आन दे, आन दे! संपत, डायवर साइड! बॅक, बॅक!'

डाळीचं सूप माझ्या हातातून खाली पडलं. धावतच दारात आले. आमची गल्ली ही एवढीशी. एका बाजूला नाली, दुसऱ्या बाजूला ओटे, मध्ये कुणाची शेळी, कुणाची हंड्यांची उतरंड. शेवटाला आमचं घर, पुढं वाट नाही. एरवी कुणाचं सामान आलं की गाडी मारुतीच्या पारापाशी थांबायची आणि डोक्यावरून वस्तू आणायची. आणि आज धावड्याच्या संपतकाकाचा रिकामा पिकअप उलटा, शेपटीकडून, इंच इंच करत गल्लीत येत होता, आणि त्याच्या मागं माझा बाप, दोन्ही हात वर, डोक्याला पांढरा रुमाल, मोंढा दणाणावा अशा आवाजात ओरडत. बायका ओट्यावर आल्या, हंडे बाजूला घेतले, कुणी शेळी सोडली. 'कुणाचं सामान आलं गं?' 'आलं न्हाई बाई, दिसतंय तर चाललंय!'

पहिल्यांदा मला लाज वाटली, खोटं कशाला बोलू? असं लेकीला न्यायचं झालं तर लोक अंधार बघून येतात, आवाज न करता दोन बोचकी उचलतात आणि निघून जातात. सासरे बाहेर आले ते लाल होऊनच. 'पाव्हनं, गाव गोळा करता काय?'

'गाडी बॅक घ्यायची म्हनल्यावर आवाज लागतोच, भुजंगराव. मागं कोनी सापडाया नको,' अण्णा म्हणाले, मागं न बघताच. 'आन दे, आन दे... बास!' आणि फाळक्यावर थाप. फाळका आमच्या उंबऱ्यापासून हातभर लांब होता. मग ते माझ्याकडं वळले. घशातून आवाज फाटून येत होता. 'शालू, तुझं काय काय हाय ते दाखव.'

मी दाखवलं. लोखंडी कपाट, दिवाण, शिलाई मशीन, तांब्याचा हंडा, मायनं दिलेल्या दोन गोधड्या. सासऱ्यांचा एक चमचा मी घेतला नाही. संपतकाका दिवाणाला हात घालतोय तोवर अण्णांनी रुमाल पाठीवर टाकला, वाकले, आणि कपाट सरळ पाठीवर घेतलं. मी किंचाळले, 'अण्णा, गुडघे!' ते कपाटाखालून म्हणाले, 'गप बैस.' पाय थरथरत होते त्यांचे. मला दिसत होते. पण कपाट त्यांनी गाडीत चढवलंच.

सामान बघून कुणालाही कळलं असतं. पण मला अजून खात्री नव्हती. तुम्ही म्हणाल, वेडी आहेस का? दोनदा जिला बापानं परत आणून सोडलंय, तिलाच हे कळेल. सामान नेता येतं तसं परतही आणता येतं.

सासरे दारात आडवे उभे राहिले. आता त्यांनीही आवाज चढवला, गल्लीला ऐकू जावं म्हणून. 'ठीक हाय, न्या. न्या म्हनतो मी! पन रिवाज हाय आपला. कवा आनून घालता, ते बोला.'

अण्णांनी रुमालानं तोंड पुसलं, मान पुसली, हात पुसले. पुसतच राहिले. मला वाटलं, आता दिवस सांगणार. मी डोळे मिटून घेतले.

'न्हाई आनायची.'

'म्हंजे?'

'म्हंजे न्हाई. दोन बार आनून घातली. दोन्ही बार माझं चुकलं. आता लेक घरी नेऊन राह्यलो, ती घरीच ऱ्हाईल.'

'लोक काय म्हनतील, राधाकिसनराव?'

'ऐकू द्या की लोकाला. म्हनून तर वरडत आलो. चोरून न्हाई नेऊन राह्यलो तिला.'

सासरे बाजूला सरकले. का सरकले ते मला अजून कळलेलं नाही.

आतल्या दारात सासू उभी होती. ती बाई वाईट नव्हती. सासऱ्यांच्या नकळत माझ्या भाकरीवर लोणी ठेवायची, माझं डोकं दुखलं की स्वतः तेल लावायची, पण तोंड उघडायची तिला कधी हिंमत झाली नाही. मी वाकून पाया पडले आणि सवयीनं बोलून गेले, 'येते मी, आत्या.' जाते असं आपल्यात कुणी म्हणत नाही. तिच्याही तोंडून सवयीनं निघून गेलं, 'ये गं माय, जल्दी ये,' आणि मग तिनं पदर तोंडात कोंबला. मी तिला घट्ट मिठी मारली. त्या घरात मला तेवढंच सोडवत नव्हतं.

याला आता दीड वर्ष झालं. मी धावड्यातच असते. आमच्याकडं शेडनेटात मिरचीचं बियाणं धरतात, फुलाफुलाला हातानं पराग लावायचं काम असतं, ते करते. शिलाई मशीन चालू आहे. कल्याणशी काडीमोडाची केस जालन्याला लागली आहे, तारखेला अण्णा येतात, बाहेर बाकावर बसतात. गल्लीनं बोलायचं ते बोलून घेतलं, आता दमली. अण्णांचा आवाज त्या दिवशी बसला तो आठ दिवस उघडला नाही. मोंढ्यात आठ दिवस त्यांनी नुसते हात हलवून गाड्या घेतल्या आणि सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्या.

त्या दिवशीच्या रस्त्याचं मात्र सांगायलाच हवं. पिकअपमध्ये आम्ही तिघं, संपतकाका स्टेअरिंगवर, मध्ये अण्णा, खिडकीशी मी. दोन वर्षं मी या माणसाला काय काय सुनवायचं ते पाठ करून ठेवलं होतं. म्हशीचं शेण काढताना पाठ केलं होतं. आता तो शेजारी बसला होता, आणि त्याच्या अंगाला घामाचा आणि मिरचीचा वास येत होता, आणि मला एक वाक्य आठवेना.

जालना जवळ आलं तेव्हा अण्णाच बोलले, बसलेल्या आवाजात. 'तू पहिल्यांदी एकटी आल्तीस, तवाच असं करायला पाह्यजे होतं मी.'

मी खिडकीची काच खाली घेतली.

'तुझे अडीच-तीन साल गेले.'

संपतकाका रस्त्याकडं बघत होता, पण कान इकडंच. त्याच्यासमोर बापाला सांभाळून घ्यावं, जाऊ द्या अण्णा म्हणावं, असं चांगल्या लेकीनं करायचं असतं. मी नाही केलं. 'हो, गेले,' मी म्हटलं. 'तुमच्यामुळंच गेले. कल्याणनं मला फसवलं, पन परत आनून तुम्ही सोडलं. दोन बार. मी पाया पडले होते तुमच्या.'

वाटलं आता चिडतील. वाटलं म्हणतील, बापाला बोलून राह्यलीस? आयुष्यभर ज्यानं एक शब्द मागं घेतला नाही, तो माझा बाप खाली मान घालून बसला होता. त्यानं माझा हात आपल्या हातात घेतला. पोती ओढायच्या हुकानं आणि सुतळीनं फाटलेला, टणक झालेला तो हात.

'बराबर हाय,' ते म्हणाले. 'बराबर बोलून राह्यलीस, माय.'

मग मला जे रडू फुटलं, ते कितीतरी वेळ थांबलंच नाही.